तुमच्या फुकट प्रणालीवर माझी हरकत

व्याहीबुवा,

तुमच्या तेरवीच्या दिवशी संध्याकाळी अकोल्यात शोकसभा झाली. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो आणि एकदाही मान डोलावली नाही. हे मुद्दाम कळवतो. तुमच्या जागी मी असतो, तर आपल्या माघारी कोण रडलं यापेक्षा कोण असहमत राहिलं, हे मला आधी जाणून घ्यावंसं वाटलं असतं.

तुमच्या महाविद्यालयाचे माजी प्राचार्य बोलले. त्यांनी तुम्हाला ‘मुक्त प्रणालीचे प्रचारक’ ठरवलं. निवृत्तीनंतर तुम्ही खांद्याला पिशवी लावून हिंडलात, शाळांतले, वाचनालयांतले, अकोटच्या एका सरकी व्यापाऱ्याच्या गादीवरचेही जुने संगणक शोधून त्यांवर लिनक्स ही फुकट संगणकप्रणाली बसवून दिलंत, असं ते म्हणाले. इथवर ठीक. पुढे म्हणाले, ‘अमरावतीच्या आपल्या हट्टी व्याह्यांचंही सरांनी मतपरिवर्तन केलं.’ सभेनं माना वळवून माझ्याकडे पाहिलं. व्याहीबुवा, माझं मतपरिवर्तन झालेलं नाही. काय झालं ते पुढे सांगतो.

त्याआधी दुपारी, पंगतीत, तुमचे एक चुलतबंधू शेजारच्याला सांगत होते, ‘दिगंबर हाताचा सुटला नाई कधी. पोरीच्या सासरी नवा कम्प्युटर द्याव, तं जुन्याच डबड्यात फुकटची सीडी घालून आला.’ मी उठायच्या बेतात होतो. माझ्या पत्नीनं मागून सदरा ओढला. ‘जेवा मुकाट्यानं. इथं कोर्ट नाई भरलं.’

आणि परतीच्या एस.टी.त, मूर्तिजापूर मागे पडल्यावर, माधुरी खिडकीकडे तोंड करून आपल्या सासूला म्हणाली, ‘अप्पा आपल्या घरी इतक्या खेपा आले, पन माझ्यासाठी एकही नाई. आले का त्या कम्प्युटरपाशी बसत. मी पाण्याचा पेला नेला तर म्हणत, कीबोर्डपाशी पाणी नोको ठेवू.’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी तिथेच तिच्याशी भांडलो असतो. तिनं ते निकाल वाचून दाखवावा तसं सांगितलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला. बापाच्या लेखी आपण एका जुन्या यंत्राहून कमी होतो, असा निकाल मनाशी बांधून तुमची मुलगी आणि माझी सून पुढचं आयुष्य काढणार, हे मला मान्य नव्हतं. प्राचार्यांना आणि चुलतबंधूंना उत्तर दिलं नाही तरी चालेल. हा निकाल मात्र मोडून काढणं भाग होतं, आणि निकाल मोडायचा तर पुरावा लागतो. तो मला मिळाला. म्हणून हे लिहितो, आणि माधुरीला विचारून लिहितो.

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता, हे तुम्ही जाणता. कृषी खात्यात मी बियाणे निरीक्षक. ज्या वर्षांत वऱ्हाडात कापसाच्या बियाण्याच्या रंगीत पिशव्या पानठेल्यावरसुद्धा मिळू लागल्या, त्या वर्षांत मी त्या पिशव्या उघडत हिंडलो. वर फुटलेल्या बोंडांचं चित्र. आत सरकी कोणती, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. मोठं पोतं असेल तर त्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसायची, नमुना काढायचा, लेबल वाचायचं आणि मग दुकानदाराच्या डोळ्यांत पाहायचं. त्याच वर्षांत आमच्या भागात फुकट वस्तूंचाही सुकाळ झाला. बियाण्याचे नमुने फुकट, फवारणीची औषधं फुकट, कंपनीच्या टोप्या फुकट. दिल्ली-मुंबईहून पाहणी पथकं येत, त्यांच्यामागून कॅमेरे येत, आणि सल्ला तर सगळेच फुकट देत. दर फुकट वस्तूच्या मागे एक दोरी असते आणि ती कोणाच्या मुठीत आहे हे दिसेपर्यंत वस्तूला हात लावू नये, असा मी नियम केला. निवृत्तीनंतर याच विषयावर वर्तमानपत्रांत लेख लिहू लागलो. त्यासाठी प्रवीणनं, माझ्या मुलानं, नांदगाव पेठेच्या ज्या कापड कारखान्यात तो नोकरीला आहे तिथला मोडीत निघालेला संगणक घरी आणला.

तो संगणक आमच्या घरात सदा आजारी असे. सुरू होईपर्यंत माझी पूजा आटोपायची. चौकातला दुरुस्तीवाला मुलगा येई आणि दर वेळी एकच औषध सांगे, ‘फॉरमॅट मारा लागन.’ एकदा त्या औषधानं माझे बियाणे कायद्यावरचे सगळे लेख गेले. त्यानंतर तुम्ही अकोल्याहून आलात, पिशवीतून एक चकती काढलीत आणि म्हणालात, ‘अण्णासाहेब, हे लावून पाहू.’

‘केवढ्याची?’

‘फुकट.’

‘मंग मले नोको.’

‘काहून?’

‘फुकट हाये म्हणून.’

तुम्ही हसला नाहीत. बहुधा हेच उत्तर अपेक्षित धरून आला होतात, कारण तुमच्या पिशवीत त्या प्रणालीच्या परवान्याचे छापील कागदही होते. मी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचले. इंग्रजी अवघड होतं, पण एका कलमाशी मी थांबलो. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की या वस्तूची कोणतीही हमी दिली जात नाही.

‘दिगंबरराव,’ मी म्हणालो, ‘ज्या पिशवीवर उगवणशक्तीची हमी नाई, थे पिशवी मी जप्त करत असतो.’

‘करा. अन जे प्रणाली आत्ता या डब्यात चालून राहिली, तिची पिशवी कधी वाचली तुमी?’

‘नाई वाचली.’

‘वाचान कशी? प्रवीणच्या कारखान्यातल्या कोण्या पोरानं कुठून तरी उतरवून टाकली. तिच्यावर तं लेबलच नाई. घरात बिनालेबलाचं बियाणं पेरून बसले, अन माह्या पिशवीची तपासणी करून राहिले.’

स्वयंपाकघरातून माझ्या पत्नीचं हसणं ऐकू आलं. ते तुम्हाला प्रोत्साहन वाटलं असावं, कारण तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. ‘माह्या पिशवीवर हमी नाई, खरं हाये. पन थे उघडून पाहता येते. कोणालेही. दाणा न् दाणा.’

‘मले त्यातलं काय कयते?’

‘ज्याले कयते, थे पाहतात.’

‘त्यायले पगार कोण देते?’

‘कोणाले मियते, कोणाले नाई.’

‘मंग ज्याले मियत नाई, थो कायले पाहीन?’

‘तुमी रिटायर झाले, तरी बाजारातल्या पिशव्या काहून पाहता?’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. ते मी दिलं नाही, कारण तेच तुमचंही उत्तर ठरलं असतं.

प्राचार्यांनी सभेत आणखी एक विधान केलं, तेही दुरुस्त करून ठेवतो. ‘सर म्हणायचे, ही प्रणाली म्हणजे घरचं बियाणं, आपण राखावं, पेरावं, शेजाऱ्याला द्यावं.’ दृष्टान्त उत्तम आहे. तो माझा आहे. शिवाय मी तो तुमच्या बाजूनं नव्हे, विरोधात वापरला होता. घरचं बियाणं वर्षानुवर्षं हातोहात फिरलं की त्यात भेसळ शिरते, दर हंगामाला चांगली झाडं निवडून राखणारा कोणी नसेल तर वाण बिघडतो, असं मी म्हणालो होतो. तुमची प्रणाली तर देशोदेशींच्या हजार हातांतून आली. निवड कोण करतं? तुम्ही म्हणालात, ‘हे बरोबर बोलले. निवड करा लागते.’ नंतर माझ्या हरकतीतली हरकत तेवढी काढून टाकून उरलेला दृष्टान्त व्याख्यानांत फिरवलात. रागावलो नाही. पण नोंद असावी.

मी अटी घातल्या. आधी बसवायचं नाही, नुसतं चालवून दाखवायचं. तुम्ही म्हणालात, चकतीवरूनच चालतं, डब्यातलं काहीही हलत नाही. हे मला पटलं. पेरणीआधी चाचणीचा वाफा घ्यावा तसं होतं. मग बसवायचं तर जुनी प्रणाली काढायची नाही, शेजारी बसवायचं. तेही तुम्ही केलंत. त्या दिवसापासून संगणक सुरू करताना तो आधी विचारू लागला, हिच्यात जाता की तिच्यात. माझी पत्नी म्हणाली, ‘एका डब्यात दोन चुली मांडल्या वाटते.’ काही महिने मी मुद्दाम जुन्या चुलीवरच बसलो. मग एकदा तिच्यात इतके विषाणू माजले की नाइलाजानं नवीत गेलो. तिथे माझे उरलेले जुने लेख उघडले तर मराठीच्या जागी चिन्हांचा चिवडा. मला आनंद झाला, हे लपवत नाही. लगेच तुम्हाला फोन केला. ‘या. तुमचं बियाणं उगवलं नाई.’

तुम्ही आलात. दोष तुमच्या प्रणालीचा नसून मी ज्या जुन्या अक्षरवळणात, म्हणजे फॉन्टमध्ये, टंकलं होतं त्याचा आहे, असं समजावलंत आणि एकेक लेख नव्या वळणात आणू लागलात. एका खेपेला एक लेख. पुढे माझा एक लेख मी तसाच वर्तमानपत्राला पाठवला, आणि संपादकांनी कळवलं की पहिल्यांदाच तुमचा मजकूर न विस्कटता आला. त्यानंतर मीच तुम्हाला सांगितलं की जुनी चूल मोडा. प्राचार्यांनी याला मतपरिवर्तन म्हणू नये. बियाणं उगवलं की निरीक्षक पास असा शेरा मारतो. निरीक्षक त्यामुळे कंपनीचा होत नाही.

आता चुलतबंधूंचा मुद्दा. प्रवीणच्या लग्नात मी नारळाशिवाय तुमच्याकडून काही घेतलं नाही आणि मुलीकडची वस्तू या घरात येणार नाही असं मांडवात जाहीर बोललो. तुम्ही पुढे नवा संगणक देऊ केला होतात; मी तो परत पाठवला आणि वर चार शब्दही सुनावले. म्हणून तुम्ही अशी वस्तू शोधून काढलीत जी तुमच्या मालकीचीच नव्हती. जी देणाऱ्याची नाही, ती देताना घेणाऱ्याचा हात खाली राहत नाही. मला हे तेव्हाच कळलं होतं. कळलं नाही असं दाखवून मी ती घेतली, आणि मला कळलं आहे हे तुम्हाला कळलं नाही असं तुम्ही दाखवलंत. हा चिकटपणा असेल तर तुमच्या चुलतबंधूंनी तो जरूर शिकून घ्यावा.

पण माझा खरा संशय पुढे सुरू झाला. प्रणाली बसली, लेख वाचता येऊ लागले, तरी तुमच्या खेपा थांबेनात. दर वेळी काहीतरी एक उरलेलं असे. आवाज येत नाही. घड्याळ चुकतं. पुढे प्रिंटर, तो तर शेवटपर्यंत उरला. ‘हा प्रिंटर मानत नाई,’ तुम्ही म्हणायचात आणि त्याच्याकडे असं पाहायचात जसं परीक्षेत नापास होणाऱ्या हुशार मुलाकडे पाहावं. आवाजाच्या बाबतीत मी लक्ष ठेवून होतो. तीन खेपा तुम्ही पडद्यावर कसलीतरी इंग्रजी पानं वाचलीत, आणि चौथीत एका टिचकीत आवाज सुरू केलात. एका टिचकीचं काम.

त्यात तुम्ही टेबल हलवलंत. ‘इथं पडद्यावर ऊन येते,’ म्हणालात. व्याहीबुवा, त्या भिंतीवर ऊन येत नाही. घर मी बांधलं आहे. तुम्ही गेल्यावर मी त्या नव्या जागी खुर्चीत बसून पाहिलं. समोर पडदा, आणि पडद्याच्या कडेवरून स्वयंपाकघराचं दार थेट, ओट्यापर्यंत.

आयुष्यभर दुसऱ्यांची तपासणी केलेल्या माणसाला आपली तपासणी चालली आहे हे लगेच उमगतं. मला वाटलं, हे माझं घर तपासायला येतात. आपल्या मुलीला नीट वागवतात की नाही, तिला बोलतात का, ती रडते का, हे पाहायला येतात आणि निमित्त माझ्या संगणकाचं करतात. मी दुखावलो. तुम्ही आलात की मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसू लागलो, म्हणजे तुम्हाला पाहिजे ते पाहता यावं आणि लपवण्यासारखं इथे काही नाही हे समजावं. एकदा आतून माधुरी आणि तिची सासू कशावरून तरी खळखळून हसल्या. मी पेपरच्या कडेवरून पाहिलं. माउसवरचा तुमचा हात थांबला होता. त्या थांबलेल्या हाताचा अर्थ मी तेव्हा चुकीचा लावला असं म्हणणार नाही. अर्धा लावला.

आणि पाणी. आपल्याकडे मुलीला मूल होईस्तोवर तिचे आईबाप तिच्या सासरचं अन्नपाणी घेत नसत. बहुतेकांनी ही रीत कधीच सोडली. तुम्ही भौतिकशास्त्र शिकवलेले गृहस्थ, आणि तुम्ही ती धरून बसलात. अमरावतीच्या बसस्थानकावर घरचा डबा खाऊन यायचात, पाण्याची बाटली पिशवीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, माधुरीला मूल नाही. दर खेपेला ती पेला आणून ठेवी आणि दर खेपेला तुम्ही तो दोन बोटांनी सरकवून म्हणत, कीबोर्डपाशी पाणी नको.

हळदीकुंकवाला दोघी सासू-सुना बाहेर गेल्या होत्या, त्या दुपारी मी तुमच्याशी भांडलो. ते भांडण पुरं झालं नाही, म्हणून ते इथे पुन्हा मांडतो.

‘दिगंबरराव, परवाना न वाचता कशालेच हो म्हणू नये, असं तुमी मले शिकवता. या रितीचा परवाना वाचला काय तुमी? कोणं लिहिली, कायले लिहिली?’

‘नाई वाचला.’

‘मंग मोडा. पेला सरकवता तवा तिले काय वाटत असन? बाप घरात येते अन तिचं न्यून दाखवून जाते.’

तुम्ही पडद्याकडे वळलात. पडद्यावर काही नव्हतं.

‘अण्णासाहेब, मी आज पाणी पेलो तं त्याचा अर्थ काय होते? मी वाट पाहणं सोडलं, असा होते. तिच्या मायचा अन माहा एवढाच एक नेम हाये. डॉक्टरनं हात टेकले. आमी नाई टेकले.’

‘मंग हे तिले सांगा.’

‘नोको. सांगतलं तं पोरीले रोज वाटन, मायबाप वाट पाहून राहिले. थे ओझं कायले तिच्या डोक्यावर? तुमी बी सांगू नोका.’

‘मंग येता कायले इतक्या दुरून? पाणी पेत नाई, तिच्यासंग दोन शब्द बोलत नाई.’

‘बिनकामाचं पोरीच्या घरी जाव काय कोणी?’ तुम्ही म्हणालात, आणि मग पिशवी आवरताना, ‘प्रिंटर राहिला ना अजून.’

मी शब्द दिला. पण भांडण सोडलं नव्हतं. पुढच्या खेपेला काय म्हणायचं ते माझ्याकडे तयार होतं. वाट पाहायची तर पाणी पिऊनही पाहता येते, असं म्हणणार होतो. यावर तुमचं उत्तर काय आलं असतं, याचा मी अजून विचार करतो. तुम्ही काहीतरी काढलंच असतं. ते मला ऐकायचं होतं, आणि ते न देता तुम्ही निघून गेलात, ही माझी तुमच्याविरुद्धची तक्रार आहे.

तेरवीहून परतल्यावर, पुढच्याच आठवड्यात, माधुरी माझ्यापुढे उभी राहिली. तिच्या आईच्या पेन्शनचा अर्ज तिनं संगणकावर तयार केला होता. ‘बाबा, बाहेरून छापून आणते. आपला प्रिंटर तं चालत नाई.’

एस.टी.तलं तिचं वाक्य माझ्या कानात होतंच. ‘थांब,’ मी म्हणालो आणि अकोल्याला रफीकभाईंना फोन लावला. वाचकांसाठी सांगतो: रफीकभाई अकोल्यात संगणकाचा क्लास चालवतात, आणि व्याहीबुवांची दर संध्याकाळ तिथेच जायची. तुमच्या निधनानंतर आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो. मी थेट कामाचं विचारलं.

‘मॉडल कोणता हाये अण्णासाहेब? मागं चिकटवलेलं वाचा.’

मी वाचलं.

‘थो?’ रफीकभाई हसले. ‘अहो, थो तं लावला का चालते. माह्या क्लासमधी थोच हाये. सरनंच घ्यायले लावला. म्हणे, रफीक, आँख मूंदके हाच घे, लिनक्समधी याची झंझट नाई.’

‘मंग आमच्या इथं काहून चालत नाई?’

‘सर काय म्हणत?’

‘म्हणत, मानत नाई.’

मग त्यांनी मला एकेक पायरी सांगितली आणि मी, ज्यानं ही प्रणाली सर्वांत उशिरा स्वीकारली, तो ती चढलो. छपाईची खिडकी उघडली. तिथे आमच्या प्रिंटरचं नाव अगोदरच होतं. अचूक नाव, अचूक कागदाचा आकार, सगळं बसवलेलं.

‘आता त्याच्यासमोर चालूची टिक हाये काय, पाहा.’

‘नाई.’

‘बस. तेवढीच करा.’ आणि थोडं थांबून, ‘कधी कधी आपोआप बी निघते हो थे.’

रफीकभाई सज्जन आहेत. तुमच्यावर आळ येऊ नये म्हणून ते बोलले. मी ती शक्यता विचारात घेतली आणि फेटाळली. न येणारं ऊन, चार खेपांची एक टिचकी, एका खेपेला एक लेख, आणि दुसऱ्याला डोळे मिटून घ्यायला सांगितलेला, पण माझ्या घरात न मानणारा प्रिंटर: एवढ्या नमुन्यांवर मी आयुष्यात कितीतरी दुकानांना टाळं लावलं आहे. व्याहीबुवा, तुम्ही तो प्रिंटर बसवलात आणि मग स्वतःच्या हातानं बंद करून ठेवलात. पुढच्या खेपेसाठी.

मी माधुरीला हाक मारली आणि त्या खुर्चीत बसवलं.

‘इथून काय दिसते, सांग.’

‘सैपाकघर.’

‘नीट सांग.’

‘ओटा दिसते.’

‘ओट्यापाशी कोण असते?’

मग मी तिला टेबलाचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं, ती न केलेली टिक दाखवली. शेवटी पाण्याचं सांगितलं. दिलेला शब्द मोडला असं तुम्ही म्हणाल. माझ्या अर्थानं तो शब्द तुमच्या हयातीपुरता होता; तुमचा अर्थ वेगळा असेल तर भेटीत वाद घालू.

‘हे तुमाले अप्पानं कवा सांगतलं?’

‘तुमी दोघी हळदीकुंकवाले गेल्या होत्या तवा.’

‘अन तुमी मले बोलले नाई.’

‘शब्द देल्ला होता.’

‘मंग आज काहून?’

‘तू चुकीचा निकाल देऊन बसली होती.’

तिनं ओट्याकडे पाहिलं. तिथे तेव्हा कोणी नव्हतं. एक पातेलं उपडं घातलेलं होतं, एवढंच. मला वाटलं ती रडेल. तिनं डोळे पुसलेही, पण म्हणाली ते असं, ‘मी समोर असताना थे कधी वर पाहतच नव्हते, बाबा.’

‘तू पाठमोरी असताना पाहत होते,’ मी म्हणालो.

आभार मानण्याची मला सवय नाही आणि तुम्हाला ते घेण्याची नव्हती. तरी एक कबूल करतो. माझं घर तपासलं जात आहे म्हणून मी दुखावलो होतो. त्या खुर्चीतून इतक्या खेपा पाहूनही तुम्ही आपल्या मुलीला चार दिवस माहेरी चल असं एकदाही म्हणाला नाहीत. निरीक्षकाला याहून मोठा दाखला कोणी दिला नसेल. तो मला तोंडी मिळाला असता तर मी त्यावरही हरकत घेतली असती, म्हणून तुम्ही दिला नाहीत, असा माझा संशय आहे.

माधुरीनं स्वतः ती टिक केली. प्रिंटर कुरकुरला, कागद ओढून घेतला आणि तुमच्या पत्नीचा अर्ज स्वच्छ छापून बाहेर टाकला. तिनं तो वाचला, घडी घातली. मग, मी काही सुचवलं नसताना, तिनं छपाईची खिडकी पुन्हा उघडली आणि ती टिक काढून टाकली.

‘राहू द्या असाच,’ ती म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी प्रवीण कारखान्यातून आला. अर्ज पाहून त्यानं विचारलं, ‘आपला प्रिंटर चालू झाला काय?’

माधुरीनं ओट्यापासून वळून माझ्याकडे पाहिलं.

‘बंद हाये,’ मी म्हणालो.

बाकीचं त्याला हे छापून आल्यावर कळेल. सबंध नोकरीत मी खोटा अहवाल कधी दिला नाही, व्याहीबुवा, आणि हाही खोटा नाही.